केळीच्या ट्रकवरचं अंतराळ स्थानक

आमच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीला पेठेतून जायची परवानगी मिळाली, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्याआधी आमची मिरवणूक वस्तीतून निघायची, पाटाच्या कडेकडेनं, म्हशी धुवायच्या जागेवरून जायची आणि बसस्टँडच्या पाठीमागे संपायची. म्हणजे चौदा एप्रिलला आम्ही गावाची पाठ बघून घरी यायचो. बाकी सगळं पेठेतून जायचं. लग्नाच्या वराती जायच्या, निवडून आलेल्यांचा गुलाल जायचा, बेड्या घातलेला चोरसुद्धा पेठेतून जायचा. आम्ही निघालो की मात्र रहदारीला अडथळा व्हायचा.

ही परवानगी आणली माझ्या वडिलांनी. आम्ही त्यांना नाना म्हणतो. ते वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला. सुट्ट्या टाकून टाकून त्यांनी पोलीस ठाण्याचे आणि तहसीलचे उंबरे झिजवले. शेवटी साहेब हो म्हणाले, पण एका हमीपत्रावर. पेठेत कोणाच्याही वस्तूची मोडतोड झाली, कोणाच्या भावना दुखावल्या, तर खाली सही करणारा जबाबदार. अंधार पडायच्या आत पेठ सोडायची. ट्रकवर कामापुरतीच माणसं ठेवायची. खाली सही नानांची. त्यांची नोकरी केंद्र सरकारची होती. गुन्हा दाखल होऊन आत बसावं लागलं तर निलंबन ठरलेलं, हे त्यांना माहीत होतं आणि फौजदारांनाही माहीत होतं. सही झाल्यावर फौजदारांनी तोंडी एक वाक्य जोडलं, "यंदा काही झालं, तर हा रस्ता विसरा."

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. नानांच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात चळवळीची पत्रकं आणि गंजक्या पिनांच्या पातळ पुस्तिका भरलेल्या. शाळेत नाव घालण्याआधी मला अक्षरओळख झाली ती त्यांच्यातून, आणि पुढे पत्रकं मीच लिहू लागलो. त्यामुळे माझ्या बोलण्यात उद्गारचिन्हं जास्त असतात, असं अक्का म्हणते. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिनं भुसावळला वायरमनचा कोर्स केला, वर्गात एकटी मुलगी. केळीच्या बागांवरच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी ती घरी बसून भरते, म्हणजे आत नवी तार गुंडाळून देते. दारात तांब्याच्या तारेची रिळं, आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून अक्का, तोंडात कायम काहीतरी टोमणा.

त्या वर्षी पेपरात एक बातमी सारखी येत होती. रशियाच्या अंतराळ स्थानकावर एक मालवाहू यान आदळलं होतं आणि स्थानकाचा सौर पंख मोडला होता. स्थानकाची वीज या पंखांवर. आता दोन अंतराळवीर बाहेर पडून, पोकळीत तरंगत, त्या मोडक्या पंखाला आधार बांधणार होते. पहिल्यांदा निघाले तर बाहेरचं दारच उघडेना. दाराचे नट खोलायचे पाने तुटले, आणि त्यांना तसंच आत बसावं लागलं. मी ही बातमी घरी मोठ्यानं वाचली.

"म्हणजे वरपण नट गंजतात?" अक्कानं विचारलं.

"वर हवा नाही. गंजणार कसे?"

"मग कोणीतरी वाजवीपेक्षा जास्त आवळला असेल. गडीमाणूस असेल."

तिनं हातातल्या मोटारीचं वेटोळं पुरं केलं. मग म्हणाली, "यंदा ट्रकवर हे करू. मी लटकते."

विहारातल्या बैठकीत या प्रस्तावावर गदारोळ झाला. आमच्या ट्रकवरचा देखावा वर्षानुवर्षं ठरलेला असे. एक वर्ष तळ्याचा सत्याग्रह, एक वर्ष संविधान. एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "जयंतीत रशिया कशाला? वस्तीत नळ नाही अन् ही पोर आभाळात वीज दुरुस्त करायला निघाली!" अक्का म्हणाली, "नळपण करते आबा, पाइप द्या." लोक हसले, आणि माणसं हसली की आमच्याकडे निम्मा ठराव पास होतो. उरलेला निम्मा मी भाषण करून पास करून घेतला. पेठेतून पहिल्यांदा जाणार आहोत तर हात जोडून, दुःखी चेहऱ्यानं का जायचं? विज्ञान घेऊन जाऊ. आभाळात कोणाची पेठ नसते, असं काहीतरी मी बोललो. ट्रकच्या कापडी फलकासाठी ओळही मीच लिहिली: सूर्य कुणाच्या बापाचा नाही.

ट्रक दरवर्षीप्रमाणे चाचांचा. चाचा शेजारच्या मोहल्ल्यातले, आमच्या भागातली केळी दिल्लीला नेणारे ड्रायव्हर. जयंतीच्या दिवशी ते गाडी भाड्यावर लावत नसत. तेलाची रिकामी पिंपं एकाला एक जोडून त्यांवर चंदेरी रंग मारला, ते झालं स्थानक. दोन्ही बाजूंना बांबूच्या चौकटीवर पत्रा ठोकून, निळा जिलेटीन कागद चिकटवून, काळ्या टेपच्या चौकोनांचे दोन पंख केले. गल्ली अरुंद आली तर ते मिटता यावेत म्हणून अक्कानं मुळाशी बिजागरी आणि खरा नट बसवला. तिचा पोशाख युरियाच्या पांढऱ्या गोण्या उलट्या करून, आत स्पंज घालून शिवलेला. शिरस्त्राण म्हणजे मिठाईच्या दुकानातली कापलेली मोठी प्लॅस्टिकची बरणी. आणि पिंपांवर वाकलेला एक लोखंडी पाइप, त्याला हूक, हुकाला खाटेच्या दुहेरी नवारीचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात अक्का. पट्टा मायनं शिवला. माय धुळ्याकडची, रागावली की तिकडचीच बोली बोलते. एप्रिलच्या उन्हात तो स्पंजाचा पोशाख बघून ती मला म्हणाली, "पोरले उन्हमा मारशी का रे?"

पेठेत विजेच्या तारा खाली लोंबतात. शिवाय त्या दिवसांत रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंतच्या भगव्या पताका रस्त्यावर आडव्या बांधलेल्या असतात. म्हणून चाचांनी आधीच मोजमाप करायचं ठरवलं. दिल्लीचा माल भरून निघाले असताना त्यांनी गाडी मुद्दाम पेठेतून घेतली. केबिनच्या टपावर पंखाच्या, म्हणजे देखाव्यातल्या सगळ्यात उंच टोकाच्या, उंचीचा बांबू बांधून मी बसलो होतो. बांबूचं टोक प्रत्येक तारेखालून, प्रत्येक पताकेखालून सुटलं. सगळ्यात खाली होती ती गणपती मंदिराजवळची पताकांची दोरी. तिच्याखालीही चार बोटं जागा उरली. "हो गया," चाचा म्हणाले. मी घरी येऊन नानांना सांगितलं, की काही अडकणार नाही. नानांनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी बोटं दाखवली.

मिरवणूक निघाली तेव्हा ऊन कलत होतं. ट्रकवर पुढे प्रतिमा, पिंपांशेजारी माइक घेऊन मी, आणि वर अक्का. ट्रकपुढे आमची माणसं, मागे लेझीम आणि बायका. पेठेच्या तोंडाशी आल्यावर क्षणभर सगळे थांबले. कोणी थांबवलं नव्हतं, पायच थांबले. मग नाना पुढे झाले आणि आम्ही आत शिरलो. दुकानांच्या ओट्यांवर लोक उभे होते, गच्चीवर बायका. एखाद्याच्या कपाळावर आठी होती, एखादा नुसता बघत होता. काही जण अक्काकडे बोट दाखवून मुलांना काही सांगत होते, तेही मला दिसलं. ती पट्ट्यात आडवी तरंगत, हातातला पाना पंखाच्या मुळाशी फिरवत होती. मी माइकवर सांगत होतो, "हे अंतराळवीर आत्ता, या महिन्यात, आपल्या डोक्यावर..."

मंदिराशेजारच्या ओट्यावर पेठेतली पोरं बसली होती. फलक वाचून त्यांच्यातला एक ओरडला, "सूर्य राहू दे! रस्ता आमच्या बापाचा आहे!" बाकीचे खदखदले. मी माइक तोंडाशी नेला आणि तेवढ्यात ट्रकला हिसका बसला.

उजवा पंख पताकांच्या दोरीत शिरला होता. पंखाच्या वरच्या कडेला दोन बोल्टची डोकी होती. दोरी पुढच्या बोल्टवरून सरकून दोन्हींच्या मधोमध पडली आणि ताणली. पंखानं ती वर उचलून धरली होती, सतारीच्या तारेसारखी. गाडी पुढे घेतली तर ती मागच्या बोल्टवर तुटणार, मागे घेतली तर पुढच्या. शिवाय मागे बायका होत्या. दोरीच्या एका टोकाला मंदिराच्या खांबाची गाठ होती.

चाचांनी ब्रेक दाबला, मान बाहेर काढून वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, उस दिन गाडी में माल था!"

मला समजायला थोडा वेळ लागला. मोजलं त्या दिवशी ट्रक केळीनं भरलेला होता, चाकांवरचे लोखंडी पाटे दबलेले होते. आज वर पोकळ पिंपं, बांबू आणि आम्ही दोघं. रिकामी गाडी वीतभर उंच उभी होती. केळीच्या गावात मोजमाप घ्यायचं म्हटलं की गाडी भरलेलीच डोळ्यांसमोर येते, रिकामी कोणाच्या मनात येत नाही.

"नट खोल अक्का, पंख मिटू," मी ओरडलो.

तिनं पाना लावला. नट हलेना. रंगवणाऱ्यांनी त्याच्यावरही चंदेरी रंगाचे दोन हात फिरवले होते आणि तो वाळून दगड झाला होता. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. पट्ट्यात लोंबत असल्यामुळे पाना फिरायच्या ऐवजी तीच गोल फिरली. बरणीच्या आत तिचा चेहरा लालबुंद दिसत होता, प्लॅस्टिकवर वाफ धरली होती. तिनं बरणी काढून फेकली, परत जोर लावला, आणि पाना निसटला.

तो ओट्याच्या पायरीवर आदळला. मोठा आवाज झाला.

"दगड! दगड मारला!" कोणीतरी ओरडलं. ओट्यावरची पोरं एकदम उठली. दुकानाच्या एका शटरचा धडधडाट झाला. मागची लेझीम थांबली. 

नाना गर्दीतून त्या पायरीपर्यंत चालत गेले. धावले नाहीत. वाकून पाना उचलला आणि दोन्ही तळहातांवर आडवा धरून सगळ्यांना दाखवला. "पाना आहे भाऊ. पोरीच्या हातून सटकला. लागलं का कोणाला?" लागलं कोणाला नव्हतं. पोरं बसली नाहीत, पण पुढेही आली नाहीत.

फौजदार आले. त्यांनी वर पाहिलं आणि सरळ म्हणाले, "तोडा तो पंख. बांबूच आहे ना? तोडा आणि निघा."

"दोरी का नाही सोडायची?" मी वरून म्हणालो. माइक चालू होता, त्यामुळे ते अख्ख्या पेठेला ऐकू गेलं. "रस्ता सरकारचा आहे. त्याच्यावर आडवी दोरी बांधायची परवानगी कोणी घेतली? तिचं हमीपत्र कोणी दिलंय?"

आजही माझा हाच प्रश्न आहे.

"माइक बंद कर," अक्का वरून म्हणाली. "दोरी तुटली तर नाना आत जातील. तुझं पत्रक नाही जाणार."

खालून मायही ओरडली, "तुना बापनी सही शे तठे! उगा ऱ्हाय!"

मी माइक बंद केला, पण तोंड बंद केलं नाही. पंख तोडायचा नाही, मी चाचांना म्हणालो. पहिल्यांदा पेठेत आलो आणि आपल्या हातानं आपलाच पंख मोडून जायचं? उद्या हेच सांगतील, की आले होते, मोडून गेले. चाचा म्हणाले, चाकांची हवा सोडली तर गाडी बसेल, पण मग ती इथून उठणार कशी, आणि अंधार तर पडत आला. ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले.

अक्का पंखाकडे बघत होती. दोरीखाली बोट घालून तिनं ताण पाहिला. मग खाली वाकून म्हणाली, "चाचा, माल भरा ना."

"कौन सा माल, बेटा?"

"ही काय, इतकी माणसं उभी आहेत!"

चाचा आधी हसले. मग त्यांनी उतरून मागचा फाळका खाली पाडला.

फौजदार पुढे झाले. "ए! मालवाहू गाडी आहे ही. आणखी एकही माणूस चढवायचा नाही. परवानगीत स्पष्ट लिहिलंय."

आता सगळे नानांकडे बघत होते. कागदावर सही त्यांची होती, आणि त्या कागदात दोन्ही गोष्टी होत्या. कोणाची वस्तू तुटता कामा नये, आणि ट्रकवर जादा माणसं चढता कामा नयेत. एक पाळली की दुसरी मोडत होती. नाना काही क्षण दोरीकडे बघत राहिले. त्यांच्या हातात अजून तो पाना होता.

"साहेब," ते म्हणाले, "गाडीत चढलो तर दंड होईल. दोरी तुटली तर गाव पेटेल. मला एकच निवडता येतं." आणि ते चढले. चढताना त्यांचा पाय सटकला आणि चाचांनी त्यांना खालून ढकललं.

पाठोपाठ माय. "चला वं बठ्ठ्या, चढा!" मग बायका, लेझीमवाले, कडेवरच्या पोरांसकट आया, विहारातले ते म्हातारे आबा. एकमेकांचे हात ओढत, पिंपांना धरून, फाळक्यावर लोंबकळत. पाटे करकरले. अक्का दोरीवर नजर ठेवून सांगत होती, "अजून. अजून बोटभर. मागच्या बाजूला या. अजून."

ओट्यावरून आवाज आला, "केळीचे घड भरले रे!"

मायनं तिथून उत्तर दिलं, "दिल्लीले जाई ऱ्हायनूत! येतस का?"

ट्रकवर हशा पिकला. ओट्यावरही एक-दोघं हसले. पण खाली उतरून कोणी आलं नाही. त्या दिवसाच्या गोष्टीत पेठेतलं कोणीतरी पुढे येऊन ट्रकवर चढलं असं मला लिहिता आलं असतं, वाचणाऱ्यालाही बरं वाटलं असतं. तसं झालं नाही.

दोरी सैल पडली. अक्कानं ती दोन्ही तळहातांनी उचलली, झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून पांघरूण काढावं तशी. मागच्या बोल्टवरून काढली, डोक्यावर धरली, आणि म्हणाली, "घ्या पुढे. हळू." चाचांनी गाडी इतकी सावकाश सोडली की ती चालते आहे हे दुकानांच्या पाट्या सरकताना दिसल्या तेव्हाच कळलं. अक्का पट्ट्यात उताणी झाली, दोरी तिच्या कपाळावरून, हातांवरून मागे गेली आणि सुटली. एकही पताका फाटली नाही.

पेठ संपल्यावर अक्काला खाली उतरवलं तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. गोण्यांचा पोशाख कापूनच काढावा लागला. तिला ओकारी झाली. माय तिच्या डोक्यावर पाणी ओतत मला शिव्या देत होती. तोवर अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी चाचांना ठाण्यात बोलावलं. मालवाहू गाडीत माणसं चढवली म्हणून केस झाली, लायसन्स जमा झालं. केळीचा ऐन मोसम त्यांनी घरी बसून काढला. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "केले भरो तो माल, आदमी भरो तो गुन्हा." आणि चहा मागवला. नानांवर गुन्हा झाला नाही, कारण काहीच तुटलं नव्हतं. आम्हाला वाटलं, रस्ता राहिला.

पुढच्या वर्षी अर्जाला उत्तर आलं. मागील वर्षी मिरवणुकीतील वाहनामुळे पेठेत रहदारी खोळंबली, तसेच मालवाहू वाहनात माणसे चढवून नियमांचा भंग झाला, सबब मिरवणूक पूर्वीच्याच मार्गाने न्यावी. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. दोरीचा उल्लेख नव्हता. ती तुटली असती तर तिच्यावर पानं भरली असती. न तुटलेल्या दोरीची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. शांततेसाठी आम्ही जे जे करतो त्याची पावती कोणी देत नाही, आणि दंड मात्र वेळेवर येतो.

नाना, अक्का आणि मी ठाण्यात गेलो. फौजदार तेच होते. त्यांनी टेबलावर हमीपत्र सरकवलं. नानांनी चष्मा लावून वाचलं.

"हे कशाचं?"

"तेच, मागच्या वर्षीचं. मोडतोड झाली तर तुम्ही जबाबदार."

"पाटाच्या कडेला? तिथं कोणाचं काय मोडणार हाये साहेब? म्हशी धुतात तिथं."

"नियम आहे, नाना. सही करा."

नानांनी खिशातून पेन काढलं होतं. ते त्यांनी परत खिशात लावलं. "गावामागच्या रस्त्यासाठी मी सही करत नाही. पेठेचा कागद असेल तर द्या."

"सही नाही तर मिरवणूक नाही."

"बरं."

ते बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. अक्का त्यांच्या शेजारी बसली. मी उभाच होतो.

"नाना, ड्यूटी?" अक्कानं हळूच विचारलं.

"आज खाडा."

"किती वेळ बसायचं?" मी विचारलं.

"काय बोलून राहिला तू? इतकी वर्षं पत्रकं लिहितो अन् बसता येत नाही तुला?"

मी बसलो. आतून टेलिफोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला. फौजदार वरणगावच्या फॅक्टरीशी बोलत होते, आणि नानांचं पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं करून, सांगत होते. नाना समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. ते हलले नाहीत.